ब्रेल नोटटेकर आणि संगणकीय आद्याक्षरे

ब्रेल नोटटेकर हे दृष्टिहीन व्यक्तींसाठी बनवलेले, सहज सोबत नेता येणारे टिपणयंत्र होय. त्यावर ब्रेलच्या कळा असतात आणि लिहिलेला मजकूर बोटांखाली वर-खाली होणाऱ्या ठिपक्यांनी किंवा कृत्रिम आवाजाने परत मिळतो. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेले ‘ब्रेल एन स्पीक’ नुसते बोलत असे, त्यावर ब्रेलची ओळ नव्हती. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘ब्रेलनोट’ने २००० मध्ये १८ किंवा ३२ सेलची ओळ आणि विंडोज सीई ही प्रणाली एकत्र आणली. सेल म्हणजे एका अक्षराची ठिपक्यांची चौकट. संगणकाच्या जगातील यूएसबी, एसडी, पीडीएफ यांसारखी आद्याक्षरे या यंत्रांवर सतत भेटतात. मात्र डोळस वाचकाला ती जशी दिसतात तशीच ती बोटाला लागतील असे नाही, आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

पारंपरिक ब्रेलमध्ये सहा ठिपके असतात व त्यांतून कोरी जागा धरून ६४ आकृत्या होतात. आस्की या अमेरिकी संकेतप्रणालीत १२८ चिन्हे असल्यामुळे संगणकासाठी ही संख्या अपुरी पडली आणि तळाशी सातवा व आठवा ठिपका जोडला गेला. आठ ठिपक्यांच्या २५६ आकृत्या होतात. एका बाइटमध्ये, म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ बिटांत, मावणाऱ्या मूल्यांची संख्याही तेवढीच असल्याने, बिट आणि बाइट यांचा संबंध शिकवायला ब्रेलच्या सेलइतके सोपे साधन शोधून सापडणार नाही. जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीच्या १९९९ मधील तिसऱ्या आवृत्तीत या सर्व २५६ आकृत्यांना स्वतंत्र स्थाने मिळाली.

एकच आद्याक्षर वेगवेगळ्या ब्रेल पद्धतींत किती वेगळे होते, हे यूएसबी या उदाहरणावरून कळते. आठ ठिपक्यांच्या संगणकीय ब्रेलमध्ये मोठे रोमन अक्षर त्याच सेलमधील सातव्या ठिपक्याने दाखवले जात असल्याने तीन अक्षरांना तीन सेल पुरतात. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन इंग्लिश ब्रेल या संस्थेने २००४ मध्ये मान्य केलेल्या युनिफाइड इंग्लिश ब्रेलमध्ये, म्हणजेच यूईबीमध्ये, संपूर्ण शब्द मोठ्या अक्षरांत आहे हे सांगण्यासाठी सहावा ठिपका दोन सेलमध्ये दोनदा द्यावा लागतो, म्हणून तिथे पाच सेल होतात. मराठीत ‘यूएसबी’ असे लिहिले तर भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये स्वरांनाही स्वतंत्र सेल लागतात व एकूण सहा सेल खर्ची पडतात. १८ सेलच्या ओळीवर हा हिशेब अगदीच नगण्य नाही.

त्याहून मोठी अडचण संक्षिप्त ब्रेलची आहे. जागा वाचवण्यासाठी इंग्रजी ब्रेलने अनेक शब्दांना दोन-तीन अक्षरांची लघुरूपे दिली आहेत: ‘एस-डी’ म्हणजे ‘सेड’, ‘सी-डी’ म्हणजे ‘कुड’. ही लघुरूपे संगणकाच्या जन्मापूर्वीची आहेत, त्यामुळे एसडी कार्ड आणि सीडी ही नावे पुढे त्यांच्यावरच येऊन आदळली. यूईबीत त्यावर उपाय म्हणून अशा आद्याक्षरांपूर्वी पाचव्या व सहाव्या ठिपक्यांचे खूणचिन्ह देतात. पुढची अक्षरे लघुरूप न मानता सुटी वाचावीत, असा त्याचा अर्थ. टिपण घेताना हे चिन्ह राहून गेले आणि यंत्राने मजकूर छापील इंग्रजीत उलटवला, तर डोळस सहकाऱ्याच्या हाती ‘सेड कार्ड’ पडते. चूक यंत्राची नसते, त्याने नियम तंतोतंत पाळलेला असतो.

फाइलींच्या नावांत बीआरएफ हे आद्याक्षर नोटटेकरच्या वापरकर्त्याला विशेष परिचयाचे असते. ‘ब्रेल रेडी फॉरमॅट’ हे त्याचे पूर्ण रूप. या फाइलीत सहा ठिपक्यांची प्रत्येक आकृती आस्कीमधील एका चिन्हाने साठवतात. साध्या संपादकात ती उघडली तर इंग्रजी ‘द’च्या जागी उद्गारचिन्ह दिसते आणि अनोळखी माणसाला फाइल बिघडल्यासारखी वाटते. मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे बीआरएफमध्ये नोंदलेले नसते. पहिला आणि तिसरा ठिपका इंग्रजीत ‘के’ असतो व मराठीत ‘क’, त्यामुळे भाषा वाचणाऱ्यालाच ठाऊक असावी लागते. डेझी ही त्याच नावाच्या, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संघाने पुढे आणलेली पद्धत असून तिच्यातील बोलक्या पुस्तकात प्रकरण किंवा पान गाठून थेट तिथून ऐकता येते.

जोडणीच्या आद्याक्षरांत जुन्या यंत्रांवरील आरएस-२३२ (तारेची जोडणी) आणि पीसीएमसीआयए (खाचेत बसवायची कार्डे) आता इतिहासजमा झाली आहेत. दुसऱ्याचा उच्चारच इतका अवघड होता की ‘संगणक उद्योगातली आद्याक्षरे लोकांच्या लक्षात राहत नाहीत’ अशी त्याची इंग्रजी फोड गमतीने केली जाई. रॅम, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणारी स्मृती, हा शब्द मात्र त्या काळी टिपणांच्या जिवावर बेतणारा होता. अनेक यंत्रे फाइली बॅटरीच्या आधाराने चालणाऱ्या रॅममध्येच ठेवत, आणि बॅटरी पूर्ण संपली की टिपणेही जात. आजच्या वापरकर्त्याने एचआयडी हे आद्याक्षर ओळखावे. माणसाने हाताळायच्या साधनांसाठीच्या या यूएसबी मानकात २०१८ मध्ये ब्रेल डिस्प्लेची, म्हणजे ब्रेलची ओळ दाखवणाऱ्या साधनाची, व्याख्या समाविष्ट झाली. त्यामुळे हे मानक पाळणाऱ्या संगणकाला आणि डिस्प्लेला एकमेकांशी बोलण्यासाठी प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

उच्चाराला एकच नियम नाही. जॉज या पडदावाचकाचे, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीचे, नाव शब्दासारखे उच्चारतात, तर २००६ मध्ये सुरू झालेल्या, मोफत मिळणाऱ्या एनव्हीडीएचे नाव अक्षरे सुटी करून घेतात. टीटीएस, म्हणजे मजकुराचे आवाजात रूपांतर करणारी प्रणाली, कुठे कोणता मार्ग धरील हे तिच्या उच्चारकोशावर अवलंबून असते. त्यातही ‘एम’ आणि ‘एन’ किंवा ‘एफ’ आणि ‘एस’ वेगाने ऐकताना एकमेकांत मिसळतात. डीएनएस असे ऐकले की डीएमएस, ही शंका मग ब्रेलच्या ओळीवर बोट ठेवूनच फिटते.