आफ्टरमार्केट इग्निशन (परफॉर्मन्स एंजिनांसाठी)

पेट्रोल एंजिनात कारखान्याने दिलेली ठिणगी पाडणारी यंत्रणा काढून तिच्याजागी दुसऱ्या उत्पादकाची, अधिक क्षमतेची यंत्रणा बसवतात, तिला आफ्टरमार्केट इग्निशन म्हणतात. एंजिन किती आरपीएमपर्यंत फिरवायचे आणि सिलिंडरमध्ये दाब किती, यावरून तिची निवड करावी. जाहिरातीत मात्र व्होल्टचाच आकडा ठळक असतो. प्रत्यक्षात प्लगच्या गॅपमधून ठिणगी पडली की व्होल्टेज तिथेच थांबते. उरलेला आकडा कागदावरच राहतो. मिश्रण आधीच नीट पेटत असेल, तर मोठी ठिणगी अश्वशक्ती वाढवत नाही.

अमेरिकी संशोधक चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज ठिणगीपुरते वाढवणारे वेटोळे) व पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच) ही रचना १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आली आणि पुढे अनेक दशके टिकली. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीतही पॉइंटच होते. पॉइंटच्या रचनेची मर्यादा अमेरिकी व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) एंजिनांत, उदाहरणार्थ १९५५ पासूनच्या शेव्हरोले स्मॉल ब्लॉकमध्ये, स्पष्ट दिसते. ६,००० आरपीएमला अशा एंजिनाला सेकंदाला ४०० ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमध्ये उरतात २.५ मिलिसेकंद, आणि त्यातही सुमारे दोन-तृतीयांश वेळच पॉइंट मिटलेले असतात; कॉइल भरते ती तेव्हाच. तेवढ्यात कॉइल पुरती भरत नाही. त्यात पॉइंट उसळू लागले, की एंजिन मिसिंग करते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीखाली मावणारे हॉल सेन्सर मॉड्यूल; ते पॉइंटचे काम चुंबकाच्या साहाय्याने, स्पर्शाविना करते. पॉइंटची देखभाल संपते आणि जुन्या गाडीचे रूपही बिघडत नाही. रस्त्यावरच्या गाडीला बहुधा एवढे पुरते. जनरल मोटर्सने १९७५ पासून सरसकट दिलेली एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) यंत्रणा याहून दमदार. पण तिला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, म्हणून कॉइलचे व्होल्टेज कमी करणारी जुनी रेझिस्टन्स वायर काढावीच लागते.

सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) प्रकारात कपॅसिटरमध्ये साठवलेले शेकडो व्होल्ट एकदम कॉइलमध्ये सोडतात. ठिणगी झटक्यात उठते, त्यामुळे काजळलेला प्लगही पेटतो. मात्र ती अल्पकाळ टिकते. म्हणून एमएसडी या कंपनीची ६ए मालिका सुमारे ३,००० आरपीएमपर्यंत एकामागून एक अनेक ठिणग्या पाडते. त्यापुढे ठिणगी एकच.

टॉप फ्युएल ड्रॅगस्टरवर (सरळ पट्टीच्या शर्यतीच्या गाड्यांवर) बॅटरीविना, फिरत्या चुंबकाने वीज निर्माण करणारे मॅग्नेटो असतात. स्टार्टरच्या मंद वेगाला मॅग्नेटोची ठिणगी दुबळी पडते, म्हणून रोजच्या गाडीला ते गैरसोयीचे.

प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल दिली, की ६,००० आरपीएमलाही दोन ठिणग्यांमध्ये २० मिलिसेकंद मिळतात. खर्च कॉइलपेक्षा ईसीयू (एंजिन चालवणारा संगणक), क्रँक सेन्सर आणि ट्यूनिंगवर अधिक होतो. पण टर्बो बसवायचा असेल तर हाच मार्ग धरावा, कारण भार वाढताना टायमिंग मागे घेणे, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणे, यात सहज जमते. ते न जमल्यास नॉकिंगने (मिश्रण अवेळी भडकल्याने) पिस्टन फुटू शकतो.

डिस्ट्रिब्युटरच ठेवायचा तर आधी त्याच्या स्प्रिंगा व वजने बदलून ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती अंश आधी पडते ते) जुळवावा. जुन्या स्मॉल ब्लॉकला व्हॅक्यूम ॲडव्हान्स वगळता एकूण ३४ ते ३६ अंश साधारण मानवतात. महागड्या इग्निशन बॉक्सपेक्षा या कामाचा फरक गाडी चालवताना लवकर जाणवतो. पॉइंटच्या एंजिनात प्लगचा गॅप सुमारे ०.९ मिमी असतो, एचईआयवर तो १.१ मिमीपर्यंत चालतो. टर्बोच्या दाबाखाली उलट कमी करावा लागतो. प्लग वायर सर्पिल गाभ्याच्या, सप्रेशन असलेल्या घ्याव्यात. साध्या तांब्याच्या तारेतून होणारा विद्युत गोंगाट रेडिओत खरखर करतोच, शिवाय ईसीयूचे सिग्नलही बिघडवतो.