मजकूर ठळक करण्याआधी: मोठी फॉन्ट फॅमिली निवडणाऱ्या लेखक-प्रकाशकांसाठी

जुळवणीसाठी आमच्याकडे पुस्तकाची फाईल देताना बरेच जण आता फॉन्टही स्वतः निवडून आणतात. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, नोटो ही नावे आमच्याकडे रोज ऐकू येतात आणि निवड बहुधा चांगलीच असते. पहिले प्रूफ हातात पडले की मात्र तोच प्रश्न येतो: "माझ्या फाईलमध्ये हे शब्द ठळक होते, तुमच्याकडे साधे कसे झाले?" कधी त्याच्या उलट: "मथळे घरी छान दिसत होते, इथे वेगळेच दिसतात." म्हणून हे पत्रक. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फॉन्टमध्ये वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतात, आहे असे इथे धरले आहे. श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांतल्या फाईल्स असतील तर आधी रूपांतराबद्दल बोलू, ते काम वेगळे आहे.

'बी' दाबल्यावर काय होते

'बी' म्हणजे वर्डमधले मजकूर ठळक करण्याचे बटण. उदाहरण मुक्ताचेच घेऊ. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट-रेखाटनकारांच्या गटाने केलेली ही फॅमिली, म्हणजे एकाच वळणाच्या फॉन्टचा संच, सात वजनांत (अक्षराच्या जाडीच्या पायऱ्यांत) मिळते: एक्स्ट्रालाइट, लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड. प्रत्येक वजनाची फाईल वेगळी असते आणि तिच्या आत एक आकडा नोंदलेला असतो. रेग्युलर ४००, सेमीबोल्ड ६००, बोल्ड ७००. विंडोजवरच्या वर्डची फॉन्ट-यादी मात्र जुन्या पद्धतीने चालते. तिथे एका नावाखाली चारच जागा असतात: साधे, तिरके, ठळक आणि ठळक-तिरके. त्यामुळे रेग्युलर आणि बोल्ड 'मुक्ता' या नावाखाली बसतात आणि बाकीची वजने 'मुक्ता लाइट', 'मुक्ता मीडियम' अशी वेगवेगळ्या नावांनी यादीत दिसतात.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक इथेच होते. 'मुक्ता' निवडून 'बी' दाबले तर खरी बोल्ड फाईल वापरली जाते, त्यात काही वावगे नाही. पण रेग्युलर जरा बारीक वाटले म्हणून सगळा मजकूर 'मुक्ता मीडियम'मध्ये घेतला आणि मग 'बी' दाबले, तर त्या नावाखाली ठळक फाईल सापडतच नाही. वर्ड तसे सांगत नाही. ते मीडियमचीच अक्षरे कडेने फुगवून दाखवते. पडद्यावर ठळक दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही. टिरो देवनागरी मराठी हा सुंदर फॉन्ट घेतला तरी हेच होते, कारण त्यात साधे आणि तिरके एवढीच दोन रूपे आहेत. ठळक मुळात काढलेलेच नाही.

फुगवलेले अक्षर आणि ठळक म्हणून रेखाटलेले अक्षर यांत फरक फार आहे. ठळक वजन काढताना रेखाटनकार आतल्या पोकळ्या मोकळ्या ठेवतो, शिरोरेषा आणि दंड यांचा तोल नव्याने साधतो. नुसते फुगवले की 'क्ष', 'ष्ट', 'द्ध', 'ज्ञ' यांच्या आतली पांढरी जागा बुजते. नऊ पॉइंटच्या तळटिपांत तर 'ष' आणि 'प' वेगळे ओळखणे कठीण होते. त्यात मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या बिनचकाकीच्या कागदावर, शाई थोडी पसरतेच.

अशी फाईल आमच्याकडे आली की पुढचा घोळ सुरू होतो. आम्ही पुस्तके झीलाटेक (XeLaTeX) या पाने जुळवण्याच्या संगणक-यंत्रणेत जुळवतो. ही यंत्रणा, मुद्दाम सांगितल्याशिवाय, नकली ठळक बनवत नाही. ठळक वजन जोडलेले नसेल तर त्या जागी साधे अक्षर घालते, नोंदवहीच्या फाईलमध्ये इशाऱ्याची एक ओळ लिहिते आणि पुढे जाते. इनडिझाइन या पानरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर न सापडलेल्या रूपाचा मजकूर गुलाबी पट्ट्यात दिसतो, म्हणजे निदान नजरेत तरी भरतो. दोन्हीकडे प्रश्न एकच उरतो: लेखकाला इथे नक्की काय हवे होते? मीडियमवर 'बी', रेग्युलरवर 'बी', थेट निवडलेले सेमीबोल्ड आणि आकार वाढवून केलेले मथळे हे सगळे एकाच प्रकरणात सापडते. मग तुमची पीडीएफ शेजारी उघडून पानन् पान ताडून पाहावे लागते. या कामाने पुस्तकात कसलीच भर पडत नाही, तरी वेळ तुमचा जातो आणि बिलही वाढते.

घरच्या घरी तपासायचे असेल तर वर्डमधून पीडीएफ काढा आणि ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीजमधला फॉन्ट्स हा भाग उघडा. पानावर ठळक अक्षरे दिसत आहेत, पण यादीत ठळक वजनाच्या फॉन्टचे वेगळे नाव नाही, असे असेल तर ती बहुधा फुगवलेली आहेत.

तुम्ही भूमिका सांगा, वजन आम्ही बसवतो

आमची विनंती साधी आहे. वजने निवडू नका, भूमिका दाखवा. प्रकरणाच्या नावाला हेडिंग १, उपशीर्षकाला हेडिंग २, मजकुरातल्या महत्त्वाच्या शब्दाला 'स्ट्राँग' ही स्टाइल. स्टाइल्सची सवय नसेल तर पूर्ण मजकूर एकाच रेग्युलरमध्ये ठेवा आणि 'बी' फक्त ठळक हव्या असलेल्या शब्दांनाच लावा. तेवढ्यानेही आमचे काम भागते. मथळ्यांसाठी मग 'बी' वापरू नका, त्यांच्या आधी नुसते 'मथळा' लिहिलेत तरी चालेल.

काही लेखकांना यात आपला अधिकार काढून घेतल्यासारखे वाटते. म्हणून आम्ही काय करतो ते सांगतो. झीलाटेकच्या फॉन्टस्पेक या पॅकेजमध्ये साधे, ठळक, तिरके अशा प्रत्येक जागेवर कोणती फाईल बसवायची ते लिहून देता येते आणि चार जागांपलीकडची वजनेही वेगळ्या संकेताने जोडता येतात. मजकुरातल्या ठळक शब्दांसाठी आम्ही बहुतेक वेळा ७०० ऐवजी ६०० चे सेमीबोल्ड लावतो. परिच्छेदात बोल्डचे डाग पडले की डोळा तिकडेच धावतो आणि ओळ तुटते. खरे बोल्ड मथळ्यांसाठी राखून ठेवतो. चित्राखालच्या ओळी लहान आकारात बारीक वाटतात, त्यांना मीडियम. शाई पसरणाऱ्या कागदावर आणि आर्ट पेपरवर तेच वजन सारखे उमटत नाही, म्हणून कागद ठरला की पुन्हा एकदा बघतो. नमुन्याची पाने पाहून तुम्ही "ठळक अजून थोडे गडद हवे" म्हणालात, तर एक ओळ बदलते आणि सगळे पुस्तक एकसारखे बदलते. हाताने निवडलेली वजने असतील तर हीच इच्छा पूर्ण करायला प्रत्येक पान पुन्हा चाळावे लागते. म्हणूनच आम्ही नमुना-पानांवर तुमची सही घेतल्याशिवाय पुढे जात नाही. यात सुरुवातीला उशीर होतो हे खरे, पण शेवटच्या प्रुफात फॉन्टचे वाद उरत नाहीत.

मराठी पुस्तकाला अजून एक गोष्ट लागते. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही आपली रूपे. ज्या फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही रूपे असतात, त्यात भाषा 'मराठी' अशी सांगितल्याशिवाय बहुधा हिंदी रूपे येतात. मथळ्यांसाठी वेगळी फॅमिली जोडली की तिलाही भाषा पुन्हा सांगावी लागते. हे राहून गेले तर मजकुरात मराठी 'ल' आणि त्याच पानाच्या मथळ्यात हिंदी 'ल', असे दिसते. बाजारातल्या कितीतरी पुस्तकांत हे दिसते आणि आम्हाला ते खरोखर खटकते. म्हणून वापरात येणाऱ्या प्रत्येक वजनात आम्ही 'कऱ्हाड', 'तऱ्हा', 'दऱ्या', 'लक्ष', 'शाळा', 'विश्व' असे शब्द जुळवून बघतो आणि मगच मजकूर ओततो. शक्य असेल तर तुमच्याच पुस्तकातले अवघड जोडाक्षरांचे काही शब्द कळवा, तेही तपासू.

तिरक्या अक्षरांबद्दल थोडक्यात: बहुतेक देवनागरी फॅमिलींत तिरके रूप नसते. 'आय' दाबून मिळते ते कलवलेले साधे अक्षर. ग्रंथनामांसाठी एकेरी अवतरणचिन्हे किंवा वेगळे वजन वापरू, ते जास्त शोभते. तिरके हवेच असेल तर ते खरोखर रेखाटलेला फॉन्ट आधीच निवडू.

फॉन्टच्या फाईल्स कशा द्याव्यात

पूर्ण फॅमिली द्या, मूळ झिप आहे तशीच. फक्त रेग्युलरची फाईल पाठवली तर आम्हाला बाकीची वजने शोधावी लागतात आणि ती दुसऱ्या आवृत्तीची निघू शकतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॅमिलीच्या झिपमध्ये एक व्हेरिएबल फाईल (सगळी वजने एकाच फाईलमध्ये) असते आणि वेगळ्या फोल्डरमध्ये नऊ वजने गुणिले चार रुंदी अशा ३६ स्टॅटिक फाईल्स (प्रत्येक रूपाची वेगळी फाईल). आम्ही स्टॅटिक वापरतो. तुमच्या संगणकावर दोन्ही बसवू नका. यादीत एकाच नावाची दोन-दोन रूपे दिसू लागतात आणि कोणते वापरले ते तुम्हालाही सांगता येत नाही.

आम्ही फॉन्ट संगणकावर न बसवता प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्येच ठेवतो आणि फाईलच्या नावाने बोलावतो. फॉन्टची नवी आवृत्ती आली की कधी अक्षरांची रुंदी किंचित बदलते, ओळी सरकतात, पाने वाढतात आणि सूची चुकते. पुस्तकासोबत त्याचा फॉन्ट जपून ठेवला की काही वर्षांनी पुनर्मुद्रण काढतानाही तेच पान तसेच उतरते. आमच्याकडे जुळवलेल्या पुस्तकांची अशी फोल्डरे आम्ही सांभाळून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

मुक्ता, हिंद, पॉपिन्स, नोटो, टिरो हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत, ते आम्हाला बिनदिक्कत पाठवा. विकत घेतलेला फॉन्ट असेल तर आधी परवान्याची प्रत दाखवा. एका संगणकासाठी घेतलेली फाईल आम्ही आमच्या यंत्रावर चढवत नाही.

दराबद्दल: स्टाइल्स लावलेली किंवा एकाच रेग्युलरमधली फाईल नेहमीच्या पानाच्या दरात होते. हाताने वजने बदललेली फाईल आली तर सफाईचे पैसे वेगळे पडतात आणि काम हाती घेण्याआधी आम्ही तो आकडा सांगतो. अजून लिहिणे चालू असेल तर आमच्याकडून स्टाइल्स लावलेला वर्डचा रिकामा नमुना घेऊन जा. तो विनामूल्य आहे, पुस्तक पुढे कुठेही छापलेत तरी.