वेस्ट इंडीज शिपिंग कॉर्पोरेशन (विस्को)

वेस्ट इंडीज शिपिंग कॉर्पोरेशन : कॅरिबियन समुद्रातील इंग्रजीभाषक बेटांच्या सरकारांनी मिळून चालवलेली जहाज कंपनी. स्थापना १९६१, वेस्ट इंडीज संघराज्याच्या काळात. मुख्य कार्यालय त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन येथे. संघराज्य १९६२ मध्ये मोडले, तरी कंपनी पुढे तीसेक वर्षे चालली. आपल्याकडे ‘वेस्ट इंडीज’ म्हटले की क्रिकेटच आठवते. किंग्स्टन, ब्रिजटाऊन, पोर्ट ऑफ स्पेन ही नावे १९७१ च्या वाडेकरांच्या दौऱ्यापासून मराठी घरांत पोचली. या देशांचे एक राष्ट्र कधी झाले नाही. मात्र क्रिकेटचा संघ आणि वेस्ट इंडीज विद्यापीठ यांच्याप्रमाणेच ही जहाजसेवाही त्यांनी एकत्रितपणे राखली होती.

या सेवेची गरज कळायला आधी नकाशा पाहावा लागतो. पश्चिमेला जमैका, आग्नेयेला त्रिनिदाद. दोहोंतले अंतर सुमारे १,८०० किलोमीटर. मधे अँटिगा, सेंट किट्स, माँटसेरात, डॉमिनिका, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा अशी लहान बेटांची कमान, आणि तिच्यापासून थोडे पूर्वेला एकटे बार्बाडोस. कमानीतली बेटे एकमेकांच्या इतकी जवळ, की हवा स्वच्छ असली तर सेंट लुशियावरून सेंट व्हिन्सेंट दिसते. तरीही शतकानुशतके शेजारी जायला बोट मिळणे कठीण आणि लंडनला जायला सोपे, अशी स्थिती होती. साखर, कोको, जायफळ, पुढे केळी, सगळे ब्रिटनला जायचे आणि कापड, पीठ, यंत्रे तिकडूनच यायची. १९५० च्या दशकात गीस्ट कंपनीची शीतगृहाची जहाजे विंडवर्ड म्हणजे कमानीतल्या दक्षिणेकडच्या बेटांवरची केळी घेऊन नियमाने ब्रिटनची वाट धरू लागली. प्रत्येक बेटाचे तोंड युरोपकडे आणि पाठ शेजाऱ्याकडे, ही वसाहतीच्या व्यापाराची घडण होती. ती समुद्राने केलेली नव्हती, माणसांनी केलेली होती.

बेटाबेटांमधली वाहतूक त्या काळी शिडाच्या लाकडी स्कूनरांनी तोलून धरली. बेक्विया, कारियाकू अशा चिमुकल्या बेटांवर त्या बांधल्या जात आणि तिथलेच खलाशी त्या हाकत. कारियाकू आणि पेतित मार्तिनिक येथील या नौकाबांधणीच्या कलेला युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मोठ्या जहाजांची नियमित सेवा आली ती कॅनडाकडून. १९२५ च्या व्यापार करारानंतर कॅनेडियन नॅशनल स्टीमशिप्सने ‘लेडी नेल्सन’, ‘लेडी ड्रेक’, ‘लेडी हॉकिन्स’ आदी पाच जहाजे या मार्गांवर आणली. लोक त्यांना नुसते ‘लेडी बोटी’ म्हणत. कॅनडाहून खारवलेला मासा आणि पीठ खाली यायचे, साखर आणि काकवी वर जायची. त्या वाटेवर एका बेटावरून दुसऱ्यावर जाणाऱ्यांचीही सोय व्हायची, पण ती आनुषंगिक.

दुसऱ्या महायुद्धाने हेही मोडले. पाचांपैकी तीन लेडी बोटी पाणबुड्यांनी बुडवल्या. ९ मार्च १९४२ च्या रात्री एक जर्मन पाणबुडी थेट सेंट लुशियातील कॅस्ट्रीज बंदरात शिरली आणि धक्क्याला लागलेल्या ‘लेडी नेल्सन’वर तिने पाणतीर सोडला. हे जहाज पुढे वर काढून इस्पितळ-जहाज म्हणून वापरले गेले. आयातीवर जगणाऱ्या बेटांना या काळात अन्नाची ददात भासू लागली, तेव्हा स्कूनर एकत्र करून सरकारी देखरेखीखाली माल वाटून देण्याची व्यवस्था करावी लागली. बेटांच्या सरकारांनी मिळून वाहतूक चालवण्याचा पहिला मोठा अनुभव तो हाच, असे म्हणायला हरकत नाही. उरलेल्या लेडी बोटींची सेवा १९५२ मध्ये थांबली आणि बेटे पुन्हा उघडी पडली.

३ जानेवारी १९५८ रोजी दहा वसाहतींचे वेस्ट इंडीज संघराज्य अस्तित्वात आले. ग्रँटली अ‍ॅडम्स पंतप्रधान झाले. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आणि सर्वांत मोठा घटक असलेले जमैका दीड हजारांवर किलोमीटर दूर, अशा राज्याला जहाजे नसतील तर ते कागदावरच राहणार हे उघड होते. कॅनडाने संघराज्याला पाच वर्षांत एक कोटी डॉलरची मदत जाहीर केली आणि तिचा मोठा भाग दोन जहाजांवर खर्च केला. ‘फेडरल पाम’ ओंटारियोतील पोर्ट वेलर गोदीत बांधले गेले, ‘फेडरल मेपल’ मॉंट्रियलच्या कॅनेडियन व्हिकर्समध्ये. एकाच्या नावात बेटांचे झाड, दुसऱ्याच्या नावात देणाऱ्या देशाचे. दोन्ही १९६१ मध्ये कामाला लागली. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला जमैकाच्या मतदारांनी सार्वमतात संघराज्याबाहेर पडण्याचा कौल दिला. त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स यांनी ‘दहातून एक गेला की शून्य उरते’ असा हिशेब मांडला आणि ३१ मे १९६२ रोजी संघराज्य संपले. जहाजे मात्र तोवर फेऱ्या मारू लागली होती.

ती बंद करण्याची हिंमत कुठल्याच सरकारला झाली नाही, आणि याचे कारण जहाजांच्या डेकवर पाहायला मिळत असे. केबिनमध्ये पन्नासेक प्रवाशांची सोय होती, तर डेकवर सुमारे दोनशे जण जाऊ शकत. एक जहाज जमैकाकडून आणि दुसरे त्रिनिदादकडून निघून वाटेतल्या बेटांवर थांबत जायचे. डेकवरच्या प्रवाशांत ‘हकस्टर’ बाया पुष्कळ असत. डॉमिनिका किंवा सेंट व्हिन्सेंटच्या डोंगराळ गावांतून कोनफळ, अळूचे कांदे, संत्री, केळी गोळा करायची, पोत्यांवर खुणा करायच्या, त्या पोत्यांना टेकूनच रात्र काढायची आणि बार्बाडोस वा त्रिनिदादच्या बाजारात माल विकून परतताना कापड, साबण, भांडी आणायची, असा त्यांचा व्यवसाय. भांडवल स्वतःचे, जोखीम स्वतःची. बोट चुकली तर माल सडणार. शिक्षक, पोलीस, विद्यार्थी, कामाच्या शोधात निघालेले तरुणही याच डेकवरून जात. रोझो, बासतेर, प्लिमथ अशा बंदरांत तेव्हा खोल पाण्याचा धक्का नव्हता. कोकण बोटीला जसे पडावातून जाऊन चढावे लागे, तसेच इथेही जहाज बाहेर नांगर टाकून उभे राही आणि माणसे, पोती होडीतून ने-आण होत.

संघराज्यानंतर घटक सरकारांनी प्रादेशिक नौवहन परिषद नेमली आणि कंपनी तिच्या हाती दिली. तोटा ठरलेल्या प्रमाणात सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असे ठरले. आणि तोटा दरवर्षी असायचाच. बंदरांची संख्या मोठी, प्रत्येक बंदरात उतरणारा माल थोडा. इंधन, खलाशी आणि बंदरशुल्क यांचा खर्च मात्र पूर्ण. शिवाय बेटांची पिके सारखीच, म्हणून एकाने दुसऱ्याकडून घ्यावे असे फार थोडे. त्रिनिदादहून सिमेंट, तेलाचे पदार्थ, कारखान्यांचा माल भरून निघालेले जहाज परतताना अर्धे रिकामे असायचे. १९६८ मध्ये कॅरिफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू झाल्यावर आपसांतला व्यापार वाढला, पण त्याचा मोठा वाटा मोठ्या देशांच्या कारखान्यांना मिळाला. लहान बेटांना आपला माल बाहेर नेण्यासाठी जहाज हवे होते आणि मोठ्यांना आपला माल तिकडे पोचवण्यासाठी. खर्च कुणी किती सोसायचा, यावर म्हणूनच वाद होत राहिले. ताळेबंदाकडे पाहून या कंपनीला अपयशी ठरवणे मला पटत नाही. रस्त्याकडून कुणी नफा मागत नाही, आणि या बेटांचा रस्ता म्हणजे हीच दोन जहाजे होती.

जेट विमानांनी आणि लिआट या बेटांमधल्या विमानसेवेने केबिनमधला प्रवासी हळूहळू ओढून नेला. १९७० च्या दशकात ‘फेडरल पाम’ विकले गेले. ते घेतले नाउरूने. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश फॉस्फेटच्या पैशातून नाउरू पॅसिफिक लाइन ही स्वतःची जहाज कंपनी उभारत होता. कॅरिबियनमधल्या बेटांसाठी बांधलेले जहाज ‘सेनपॅक राउंडर’ या नावाने पॅसिफिकमधल्या बेटांना जोडू लागले. मार्च १९७९ मध्ये फिजीला झोडपणाऱ्या मेली चक्रीवादळात ते खडकांवर चढले आणि तिथेच संपले. पॅसिफिकमध्येही तोपर्यंत तीच गरज तशाच उपायापर्यंत पोचली होती : तिथल्या सरकारांनी १९७७ मध्ये पॅसिफिक फोरम लाइन ही सामायिक कंपनी काढली आणि तिची नोंदणी सामोआच्या अपिया शहरात केली.

इकडे १९७३ मध्ये चागुआरामासच्या तहाने कॅरिकॉम ही कॅरिबियन देशांची संघटना स्थापन झाली. त्यापाठोपाठ १९७५ च्या करारान्वये कंपनीची सदस्य सरकारांच्या मालकीची संस्था म्हणून पुनर्रचना झाली. ‘विस्को’ हे संक्षिप्त नाव मुख्यतः या टप्प्यातले. आता भर प्रवाशांऐवजी मालावर आणि कंटेनरवर आला. हा बदल अटळ होता, पण त्याने डेकवरच्या बाईची जागा गेली. अख्खा कंटेनर भरण्याइतका माल तिच्याकडे नसतो. हकस्टर बाया पुन्हा लहान मोटारबोटींकडे आणि स्कूनरांकडे वळल्या. डॉमिनिकात त्यांची संघटनाही उभी राहिली. कंटेनरच्या धंद्यात विस्कोला मायामीहून येणाऱ्या खासगी कंपन्यांशी सामना करावा लागला. १९८० च्या दशकात तेलाचे भाव पडल्याने त्रिनिदादची तिजोरी आटली, तर जमैका आणि गयाना कर्जात बुडाले. तोटा वाटून घेणाऱ्यांचेच हात बांधले गेल्यावर कंपनी फार काळ टिकणे शक्य नव्हते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती गुंडाळण्यात आली.

तिची जागा घेणारी सर्व बेटांची सामायिक जहाजसेवा त्यानंतर झालेली नाही. ग्वादलूप, डॉमिनिका, मार्तिनिक आणि सेंट लुशिया यांच्या दरम्यान ‘लेक्सप्रेस देझ इल’ ही फ्रेंच बेटांवरची खासगी कंपनी वेगवान बोटी चालवते. सेंट लुशियाहून बार्बाडोसला किंवा त्रिनिदादला जायचे तर मात्र विमानावाचून नियमित साधन नाही, आणि तिकिटाचा मोठा भाग करांतच जातो. २०२० मध्ये लिआट न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेली तेव्हा तोही आधार काही काळ तुटला. तेव्हापासून कॅरिकॉमच्या बैठकांमध्ये फेरीबोटींचा विषय पुन्हा निघू लागला असून बार्बाडोस, गयाना आणि त्रिनिदाद येथील सरकारांनी त्यात पुढाकार घेतला आहे.