तात आव क्विन्नेन

तात आव क्विन्नेन हा २००७ सालचा नॉर्वेजियन प्रणयविनोदी चित्रपट. एर्लेंड लोए यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या याच नावाच्या आपल्या पहिल्या कादंबरीवर तो बेतलेला असून दिग्दर्शन पेत्तर नेस यांचे आहे. स्वतःहून काहीच न ठरवणारा एक तरुण आणि त्याच्या वतीने सगळेच ठरवून टाकणारी मारियाने, या दोघांच्या नात्याची ही गोष्ट. परदेशात चित्रपट ‘गॉन विथ द वुमन’ या इंग्रजी नावाने दाखवला गेला.

मूळ शीर्षकात एक गंमत आहे आणि ती नॉर्वेजियन कानालाच कळते. ‘गॉन विथ द विंड’ या १९३९ च्या गाजलेल्या अमेरिकी चित्रपटाचे नॉर्वेतले नाव ‘तात आव विन्नेन’, म्हणजे वाऱ्याने नेलेले. ‘वारा’ या अर्थाचा शब्द लिहिताना मध्ये ‘द’ येतो, पण बोलताना तो गिळला जातो. त्यामुळे ‘विन्नेन’च्या आधी एक ‘क’ लावला की ‘वारा’ जाऊन ‘क्विन्नेन’ म्हणजे ‘बाई’ येते. शेवटचा ‘न’ हा नॉर्वेजियनमधला निश्चितता दाखवणारा प्रत्यय. आपल्या विभक्तीसारखा तो नामाच्या शेपटीला चिकटतो, म्हणून ही कोणी एक बाई नव्हे, ‘ती’ बाई. ‘तात’ हे ‘घेणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकाळवाचक कृदंत आणि ‘आव’ म्हणजे ‘-कडून’. मराठीत सांगायचे तर ‘बाईने नेलेला’. रचना सरळ कर्मणी आहे: कर्ती बाई, आणि नायकाच्या वाट्याला कर्माची जागा. इंग्रजी शीर्षकात ओळखीच्या नावाची आठवण टिकते, पण यमक जाते आणि कर्मणीही जाते. ‘गॉन विथ’ म्हटले की माणूस आपल्या पायाने बाईबरोबर गेल्यासारखे वाटते. या गोष्टीत नेमके तेच घडत नाही.

नायकाला नावच नाही. कादंबरीत तो ‘मी’ म्हणून बोलतो, चित्रपटाच्या पात्रयादीत तो नुसता ‘हान’ आहे. हा ‘हान’ म्हणजे नॉर्वेजियनमधला ‘तो’. मारियाने त्याच्याकडे येऊ लागते, मग वरचेवर येऊ लागते आणि शेवटी तिथेच राहू लागते. ‘राहायला येऊ का?’ असा प्रश्न कोणी कोणाला विचारल्याचे ध्यानात राहत नाही. ती कजाग नाही, दुष्ट तर मुळीच नाही. तिला मते आहेत आणि ती लगेच बोलून दाखवायची सवय आहे, एवढेच. त्याचे मत तयार होईपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो. कथेचा ताण बाहेरच्या अडचणींत नाही. हे नाते आपल्याला हवे आहे की नको, हा प्रश्न नायक स्वतःला विचारायला फार उशीर लावतो, त्यात तो आहे.

‘हान’ची भूमिका त्रोन फाउसा ऑर्व्होग यांनी केली आहे, मारियानेची मारियान सोस्ता ओत्तेसेन यांनी. ऑर्व्होग यांनी आदल्याच वर्षी ‘देन ब्रीसोम्मे मान्नेन’ या चित्रपटात अशाच एका गोंधळलेल्या, आजूबाजूच्या जगाने वाहून नेलेल्या माणसाचे काम केले होते. पुढे ‘लिलीहॅमर’ या मालिकेमुळे ते नॉर्वेबाहेरही ओळखीचे झाले. स्वीडनचे पीटर स्टॉर्मारे येथे ग्लेन नावाच्या पात्राच्या भूमिकेत आहेत. ‘फार्गो’ (१९९६) मधला थंड डोक्याचा मारेकरी म्हणून त्यांना पाहिलेल्या प्रेक्षकाला हे काम पाहताना जरा सावरून बसावे लागते.

लोए (जन्म १९६९, त्रोनहाइम) यांची भाषा लहान मुलाने निबंध लिहावा तशी आहे. वाक्ये तोकडी, विशेषणे मोजकी, आणि मोठी गोष्टही बाजारहाटाच्या सुरात सांगितलेली. १९९६ च्या ‘नाईव. सुपर.’ या कादंबरीने ही शैली नॉर्वेबाहेर पोहोचवली. ‘तात आव क्विन्नेन’मध्ये विनोद घटनांपेक्षा या सांगण्यात जास्त आहे. निवेदक कुरकुर करत नाही, काय घडले त्याची नोंद ठेवतो, आणि त्या नोंदींच्या फटीतून त्याची घुसमट दिसते. पडद्यावर आणायला ही अवघड गोष्ट. पानावरचा गप्प माणूस वाचकाशी अखंड बोलत असतो, पडद्यावरचा गप्प माणूस मात्र खरोखरच गप्प बसतो. त्यामुळे चित्रपटाचा बराच भार ऑर्व्होग यांच्या चेहऱ्यावर येतो. आवाज चढवणाऱ्या मारियानेपेक्षा उत्तर शोधताना त्यांच्या तोंडाची होणारी उघडझाप अधिक हसवते.

ही गोष्ट नॉर्वेतच का घडते, हे तिथल्या घरांकडे पाहिले की कळते. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला तिथे ‘साम्बूअर’ म्हणतात. ‘साम’ म्हणजे एकत्र, ‘बूअर’ म्हणजे राहणारा. शब्द इतका रुळलेला आहे की सरकारी कागदपत्रांतही तोच असतो. तरी अविवाहितांनी एकत्र राहण्याला मनाई करणारे कलम दंडसंहितेतून निघाले ते १९७२ मध्येच. चित्रपट आला तेव्हा देशात जन्मणारी निम्म्याहून अधिक मुले विवाहाबाहेरच्या नात्यांतली होती. म्हणजे मारियानेचे राहायला येणे ही तिथे बंडखोरी नाही की लफडे नाही. घरचे काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, हा अडसर कथेत नसल्यामुळे सगळी जबाबदारी त्या दोघांवरच पडते, आणि दोघांतला एक ती घेत नाही.

स्त्री-पुरुष समानतेचा कायदा नॉर्वेने १९७८ मध्ये केला. ग्रो हार्लेम ब्रुंटलांड १९८१ मध्ये देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या आणि १९८६ च्या त्यांच्या मंत्रिमंडळात १८ पैकी ८ महिला होत्या. कादंबरी निघाली त्याच १९९३ साली बापांसाठी राखीव पालकत्व-रजा सुरू झाली. या पिढीच्या पुरुषाला दादागिरी करायची नाही हे शिकवले गेले होते. त्याऐवजी काय करायचे, हे मात्र ज्याचे त्याने शोधायचे होते. लोए यांचा नायक त्या मधल्या जागेत अडकला आहे, असे म्हणता येते. बायकोच्या मुठीतल्या पुरुषाला जुन्या नॉर्वेजियनांनी ‘तोफ्फेलहेल्त’ म्हणजे ‘सपातवीर’ असा शब्द ठेवलाच आहे. आपल्याकडचे ताटाखालचे मांजर ते हेच. पण ‘हान’ला ही शिवी नीट बसत नाही, कारण मांजराला निदान ताटाखाली बसायचे असते. नॉर्वेजियन नाटककार इब्सेन यांच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकातली नोरा १८७९ मध्ये नवऱ्याला सोडून, दार लावून घराबाहेर पडली होती. मारियाने सामान घेऊन आत येते, आणि दार उघडणाऱ्याला आपण ते का उघडले हे सांगता येत नाही.

नेस (जन्म १९६०) यांचे मराठी प्रेक्षकाला जवळचे काम वेगळेच आहे. त्यांचा ‘एलिंग’ (२००१) आणि आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’ हे दोन्ही २००२ च्या ऑस्करला परभाषिक चित्रपटांच्या अंतिम पाचांत होते. पारितोषिक बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेले. ‘एलिंग’मध्येही जगाला बिचकणारा, फोन उचलायलाही घाबरणारा पुरुष आहे, पण त्याच्या जोडीला बाई नसून खोलीतला मित्र आहे. ‘तात आव क्विन्नेन’लाही नॉर्वेने ८० व्या ऑस्करसाठी आपली अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवले. या खेपेस नामांकन मिळाले नाही.