बंदूक बसते का आणि छर्रे पसरतात कसे: एकाच कागदाला विचारायचे दोन वेगळे प्रश्न

शॉटगनच्या नेमबाजीत हवेत फेकलेली तबकडी सुटते, नेम बरोबर वाटतो, बार उडतो आणि तबकडी अख्खीच्या अख्खी पुढे निघून जाते. असं वारंवार व्हायला लागलं की कोणी चोक (नळीच्या तोंडाशी असलेलं, छर्ऱ्यांचा पसारा आवळणारं आकुंचन) बदलतं, कोणी काडतुसं. मग एखादा जाणता सांगतो, ‘आधी कागदावर मारून बघ.’ सल्ला योग्यच आहे, पण अर्धा. शॉटगन कागदावर मारून दोन निरनिराळ्या गोष्टी तपासता येतात. बंदूक तुमच्या अंगाला बसते का, म्हणजे तुम्ही बघता तिथेच छर्रे जातात का, ही एक. छर्रे किती दाट आणि किती सारखे पसरतात, ही दुसरी. पहिलीला फिटिंग म्हणतात, दुसरीला पॅटर्न. कागद तोच, भोकंही तशीच, म्हणून घोळ होतो. आणि तो महागात पडतो, कारण पहिलीचा इलाज दस्त्यात (खांद्याला आणि गालाला टेकणाऱ्या मागच्या भागात) असतो आणि दुसरीचा चोक-काडतुसात.

रायफलला पुढे माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) असते आणि मागेही साइट असते. शॉटगनला मागची साइट नसतेच, ते काम तुमचा डोळा करतो. गाल दस्त्यावर टेकला की डोळा जिथे येईल तिथे मागची साइट. डोळा वर गेला की छर्रे वर जातात, डावीकडे सरकला की डावीकडे. फिटिंग म्हणजे मुळात डोळा दर वेळी त्याच आणि योग्य जागी आणून ठेवण्याची व्यवस्था.

ही तपासणी १६ यार्डांवरून, म्हणजे साधारण साडेचौदा मीटरवरून करतात. या आकड्यामागे सरळ हिशोब आहे. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर ढोबळमानाने एक यार्ड असतं. त्यामुळे डोळा एक मिलिमीटर हलला, तर १६ यार्डांवर छर्ऱ्यांचं केंद्र सुमारे १६ मिलिमीटर हलतं. कागदावर ५ सेंटिमीटरची चूक दिसली, तर दस्त्यात साधारण ३ मिलिमीटरचा बदल हवा. नळी लांब असेल तर आकडा थोडा सरकतो, पण सुरुवातीला एवढं पुरतं. शिवाय इतक्या जवळून छर्रे फार पसरलेले नसतात, त्यामुळे केंद्र नजरेला सहज सापडतं.

मारायची पद्धत मात्र काटेकोर पाळायला हवी. कागदावर फुली ठळक काढा. बंदूक खांद्याखाली धरून उभे राहा, नजर फुलीवर ठेवा, बंदूक गालाला आणि खांद्याला एकाच हालचालीत लावा आणि लागताक्षणी बार काढा. माशी शोधायची नाही, रिबकडे (नळीवरच्या लांब पट्टीकडे) बघायचं नाही. पुष्कळजण इथेच चुकतात: रायफलसारखा नेम धरतात, मान हलवून फुली माशीवर बसवतात आणि छर्रे बरोबर मध्यावर पडलेले बघून ‘बसते की!’ म्हणतात. खरं तर त्यांच्या मानेने दस्त्याची चूक सावरून घेतलेली असते. उडत्या तबकडीमागे ती सावरून घ्यायला वेळ मिळत नाही.

एका बारावर काहीही ठरवू नका. त्याच फुलीवर पाच-सहा बार मारा आणि भोकांचा एकत्र गुच्छ बघा. गुच्छ एकाच बाजूला ठामपणे सरकलेला असेल, तर ते फिटिंगचं बोलणं. बार चहूकडे विखुरले असतील, तर बंदूक दर वेळी वेगळी लागते आहे. अशा वेळी दस्ता तासायला घेणं म्हणजे निव्वळ नुकसान, आधी माउंटचा, म्हणजे बंदूक गालाला-खांद्याला लावण्याचा, सराव हवा. कोणता डोळा प्रबळ आहे, तेही त्याआधीच तपासून घ्यावं.

इलाजाची दिशा लक्षात ठेवायला सोपी: छर्रे जिकडे न्यायचे, तिकडे डोळा न्या. छर्रे खाली पडत असतील तर गाल टेकतो तो काठ उंच करा. उजव्या हाताने मारणाऱ्याचे छर्रे डावीकडे जात असतील, तर दस्ता उजवीकडे थोडा जास्त वळलेला हवा, किंवा गालाकडची जाडी कमी हवी. पण लाकडाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून उंची वाढवून बघा आणि पुन्हा मारा. तासलेलं लाकूड परत येत नाही.

एक शंका तरीही उरते: दोष नळीचाच असला तर? मग बंदूक भक्कम टेकूवर ठेवून, माशी आणि रिब नीट जुळवून, सावकाश नेम धरून मारा. असं मारूनही छर्रे बाजूला गेले तर ते नळीचं किंवा चोकचं काम, दस्त्याने ते लपवू नये. दुनळी असेल तर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा. आणि थोडं वर मारणं हा दरवेळी दोष नसतो. ट्रॅप या तबकडी-नेमबाजीच्या प्रकारात तबकडी वर चढत असते, म्हणून त्या बंदुका मुद्दाम ६०-४० किंवा त्याहूनही उंच ठेवतात, म्हणजे निम्म्याहून जास्त छर्रे फुलीच्या वर. तबकडी नळीआड न जाता दिसत राहते. स्कीट या दुसऱ्या प्रकाराला बहुतेकजण याहून सपाट बंदूक पसंत करतात.

आता पॅटर्न. इथे नियम जवळजवळ उलटे होतात. अंतर ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर. नेम निवांत धरला तरी चालतो. प्रत्येक बाराला नवा कागद. आणि सर्वांत महत्त्वाचं, ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ बार मारल्यानंतर काढायचं, जिथे भोकं सर्वांत दाट असतील तिथे. फुली कुठे होती याला इथे काही किंमत नाही. फिटिंगमध्ये फुली हेच सर्वस्व होतं, पॅटर्नमध्ये ती फक्त बंदूक रोखायला. हा एक फरक डोक्यात बसला की निम्मा घोळ मिटतो.

मग मोजणी. काडतुसात ३०० छर्रे असतील आणि वर्तुळात १८० भोकं सापडली, तर ६० टक्के. रूढ हिशोबात फुल चोकला ७०, मॉडिफाइडला ६०, इम्प्रूव्हड सिलिंडरला ५० आणि चोक नसलेल्या नळीला ४० टक्के धरतात. चोकवर कोरलेल्या नावावर विसंबू नका: तोच चोक एका काडतुसाला घट्ट वागतो, दुसऱ्याला सैल. टक्क्यांइतकीच रिकाम्या जागांकडेही नजर हवी. ऑलिंपिक तबकडीचा व्यास ११ सेंटिमीटर असतो. तेवढी चकती कापून वर्तुळावर फिरवा. ती एकही भोक न झाकता बसेल अशा जागा बऱ्याच निघाल्या, तर टक्केवारी कितीही छान असो, तबकडी तिथून निसटणार.

४० यार्डांच्या कागदावरून फिटिंग ठरवू नये, हेही यातूनच येतं. तिथवर जाईतो छर्रे काही सेंटिमीटर खाली आलेले असतात आणि ढग इतका पसरतो की केंद्राचा अंदाज दरेकाचा वेगळा. तसंच १६ यार्डांवर दाट गुच्छ दिसला म्हणून चोक चांगला, असंही ठरत नाही, कारण तितक्या जवळून जवळपास सगळेच चोक दाट दिसतात.

दोन्ही करायचंच असेल तर फिटिंग आधी. छर्ऱ्यांचा ढग भलतीकडेच जात असेल, तर तो किती सुंदर पसरतो हे मोजून हाती काही लागत नाही. फिटिंगला जाताना स्पर्धेत घालता तेच जाकीट घाला, कारण कपड्याची जाडी म्हणजे दस्त्याची वाढलेली लांबी. दोन्ही वेळी डोळ्यांवर चष्मा आणि कानांना संरक्षण हवंच. कागदाऐवजी लोखंडी पाटीवर मारत असाल तर शिशाचेच छर्रे वापरा, स्टीलचे छर्रे तिच्यावरून उलटून अंगावर येतात.