डॅकच्या डब्यावरची जुनी भांडणं

सीडीवरच्या एका सेकंदाच्या गाण्यात डाव्या बाजूसाठी ४४,१०० आणि उजव्या बाजूसाठी ४४,१०० आकडे असतात. हा आडमुठा आकडा आला व्हिडिओ टेपवरून. १९७०च्या दशकात इतके आकडे मावतील असं हाताशी असलेलं साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. आवाजाच्या आकड्यांना काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं रूप द्यायचं आणि टीव्हीचं चित्र असल्यासारखं ते टेपवर उतरवायचं, असा तो उद्योग होता. जपान-अमेरिकेच्या टीव्हीत सेकंदाला ६० अर्धचित्रं, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेघा, एका रेघेत ३ नमुने, म्हणजे आवाजाचे ३ आकडे. गुणाकार करून बघा. युरोपात ५० अर्धचित्रं, २९४ रेघा, ३ नमुने. उत्तर तेच येतं. कानाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे नमुने त्याच्या दुपटीहून जास्त हवेत, हे गणित नायक्विस्ट आणि शॅनन या शास्त्रज्ञांनी आधीच मांडून ठेवलं होतं. टीव्हीचा आकडा त्या अटीत बसला आणि कायमचा चिकटला.

हे सगळं आठवायचं कारण भाचा. त्याने व्हॉट्सॲपवर एका डॅकच्या, म्हणजे असल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या यंत्राच्या, डब्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘मामा, यातलं नेमकं काय बघून घ्यायचं?’ डब्यावर शब्दांची रांग होती: ३२-बिट, ७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी, आर-टू-आर, एनओएस मोड, असिंक्रोनस यूएसबी. यातला एकेक शब्द म्हणजे कधीच्या तरी दुखण्यावर काढलेलं औषध आहे. ते दुखणं अजून शिल्लक आहे का, हे मात्र डब्यावर छापत नाहीत.

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. आकडे घ्यायचे आणि त्यांचा कमीजास्त होणारा विद्युतदाब करून ॲम्प्लिफायरकडे सोडायचा, एवढंच त्याचं काम. आवाजाचे आकडे करण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश इंजिनिअरला पॅरिसमध्ये काम करताना सुचली, ती १९३७ साली. टेलिफोनच्या लांबलचक तारांवर जमा होणारी खरखर टाळायची होती. पण तेव्हा सगळी मदार काचेच्या व्हॉल्व्हवर, त्यामुळे ती बरीच वर्षं न परवडणारी चैन ठरली. संगीताच्या वाट्याला ती आली जपानमधून. डेनॉनने १९७२ साली १३ बिटांचा, म्हणजे एकेक आकडा ०-१ च्या १३ घरांत लिहिणारा, रेकॉर्डर बांधला, त्याच्याही पोटात व्हिडिओ टेपच होती.

पुढे १९७९-८० मध्ये सोनी आणि फिलिप्स सीडीचे नियम ठरवायला एकत्र बसले आणि पहिलं खरं भांडण झालं ते बिटांवरून. फिलिप्सकडे १४ बिटांची चिप तयार होती, त्यामुळे त्यांना १४ पुरेसे वाटत होते. सोनी १६ वर अडून बसली. दोन बिटांनी एवढं काय बिघडतं ते कळायला सोनाराच्या दुकानात जावं लागेल. डॅकची जुनी पद्धत वजनांची आहे: एक मोठं वजन, त्याच्या निम्मं दुसरं, त्याच्या निम्मं तिसरं, अशी सोळा वजनं. आलेल्या आकड्याप्रमाणे यातली काही पारड्यात टाकायची. सगळ्यांत मोठं वजन एक किलोचं धरलं तर सर्वांत लहान भरतं साधारण पाव गुंज. म्हणजे किलोच्या वजनात पाव गुंजेची खोट असली, तरी सोळावं वजन पारड्यात टाकून उपयोग शून्य. चिपमध्ये वजनांच्या जागी रेझिस्टर किंवा विद्युतप्रवाह असतात. ते इतके अचूक करायचे, आणि घरात तापमान वरखाली झालं तरी तसेच ठेवायचे, हे १९८० साली फार अवघड काम होतं.

यात आणखी एक कुचकी गोष्ट आहे. ते एक किलोचं वजन पारड्यात पडतं किंवा निघतं ते आवाज शून्याची रेघ ओलांडतो तेव्हा. मोठा आवाज असेल तर तिथली चूक खपून जाते. पण मैफल संपल्यावर नुसता तंबोरा उरतो, त्याचा खर्ज विरत विरत जातो, तेव्हा तो सगळा वेळ त्या रेघेच्याच आसपास घुटमळत असतो. नेमक्या त्या जागी आवाजाला बारीक कचकच यायची. सुरुवातीच्या सीडी प्लेअरबद्दल ‘कोरडा वाटतो’ अशी जी तक्रार होती, तिच्यातला काही भाग तरी या वजनांच्या खोटेपणाचा होता. सगळीच माणसं कॅसेटच्या प्रेमात आंधळी झालेली नव्हती.

सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ रोजी विक्रीला आला, किंमत १,६८,००० येन. त्यात दोन बाजूंना मिळून एकच कन्व्हर्टर होता. तो आधी एका बाजूचा आकडा उतरवायचा, मग दुसऱ्या. त्यामुळे एक बाजू दुसरीच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राहायची. त्यावर बराच गहजब झाला. एवढ्या वेळात आवाज हवेत जेमतेम चार मिलिमीटर सरकतो. खुर्चीत मान वळवली तरी याहून जास्त फरक पडतो. हे भांडण निव्वळ कागदावरचं होतं असं माझं मत.

फिलिप्सची अडचण खरी होती आणि त्यांनी काढलेली वाट मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. १६ बिट मान्य करावे लागले, हातात चिप १४ ची. मग त्यांनी नमुन्यांच्या मध्ये गणिताने नवे नमुने घातले, ४४,१००चे चौपट केले आणि उरलेली चूक पुढच्या नमुन्यात वळती करत गेले. त्यामुळे ती कानाला न ऐकू येणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकलली गेली. टीडीए१५४० ही १४ बिटांची चिप अशा रीतीने १६ बिटांचं काम करू लागली. याला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. त्याचा दुसरा फायदाही मोठा होता. सोनीच्या यंत्रात २०,००० आणि २२,०५० हर्ट्झच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आवाज एकदम तोडावा लागे, कड्यावरून ढकलल्यासारखा. फिलिप्सला साधा, सौम्य उताराचा फिल्टर पुरला. काही वर्षांत सगळ्यांनीच ही वाट धरली. १९८५ साली फिलिप्सची १६ बिटांची टीडीए१५४१ आली. तिच्या निवडक चिपांवर मुकुटाची खूण असे, आणि आज त्या खुणेच्या नकली चिपा विकल्या जातात, यावरून तिच्या चाहत्यांची कल्पना यावी.

मग डॅक प्लेअरच्या पोटातून बाहेर कसा पडला? चकती फिरवणारी मोटर आणि लेझरचं यंत्र दहा वर्षं टिकत होतं, चिपा मात्र दर दोन वर्षांनी सुधारत होत्या. १९८५च्या सुमारास सोनी आणि ब्रिटनच्या केंब्रिज ऑडिओने दोन डब्यांचे प्लेअर काढले, आणि त्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्याच आर्कमच्या ‘ब्लॅक बॉक्स’सारखे सुटे डॅक बाजारात आले. दोन डब्यांना जोडायला सोनी-फिलिप्सची एस-पीडीआयएफ ही तार होतीच. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या पाठीमागे जे केशरी भोक दिसतं ते तिचंच, आणि ते आजही चालतं. कपाटात पडलेला प्लेअर असेल तर उलटा करून बघा.

डबा सुटा झाला आणि नवं दुखणं सुरू झालं. या एका तारेतून आकडेही येतात आणि ते कोणत्या ठेक्यात वाजवायचे तो तालही. डॅकला येणाऱ्या आकड्यांवरूनच ताल ओळखावा लागतो. तार, जोड, उगम यांच्या दोषाने तो किंचित पुढेमागे झाला की नमुना बरोबर असूनही चुकीच्या क्षणी पडतो. हाच जिटर. १९९०च्या दशकात या शब्दाने ऑडिओची मासिकं भरून वाहिली. चांगली ताल-सुधारणारी सर्किटं चिपांमध्येच येऊ लागली तसा तो प्रश्न विझत गेला. शब्द मात्र जाहिरातीत राहिला.

त्याच सुमारास वजनांची पद्धतही मागे पडली. जपानमध्ये इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ साली मांडलेली डेल्टा-सिग्मा ही कल्पना आता स्वस्तात चिपवर उतरू लागली. समजा, बादलीत हव्या तेवढ्याच वेगाने पाणी भरायचं आहे. नळ अचूक अर्धा किंवा पाव उघडण्याऐवजी तो सेकंदाला लाखो वेळा पूर्ण उघडायचा, पूर्ण बंद करायचा, आणि किती वेळ उघडा ठेवायचा ते मोजायचं. अचूक वजनांची गरजच उरली नाही, अचूक वेळ पुरे झाली. आणि वेळ मोजणं क्वार्ट्झला सोपं. फिलिप्सने आपल्या एक-बिटी चिपांना ‘बिटस्ट्रीम’ नाव दिलं. १९९९चं एसएसीडी (सीडीचं पुढचं रूप) आणि त्यातलं डीएसडी (आवाज साठवायची एक-बिटी पद्धत) हे याच घराण्यातलं. आजच्या मोबाइलमधल्या, टीव्हीतल्या, दहा हजारांच्या आणि लाखाच्या डॅकमधल्या बहुतेक चिपा याच पद्धतीच्या आहेत.

विरोधकही अर्थात निघाले. जपानच्या रयोहेई कुसुनोकी यांनी १९९६-९७ मध्ये लेख लिहून ओव्हरसॅम्पलिंगच काढून टाकायचा पुरस्कार केला. डब्यावरचं ‘एनओएस’ (नॉन-ओव्हरसॅम्पलिंग) ते हेच. यात २०,००० हर्ट्झपाशी आवाज तीन डेसिबलहून जास्त खाली येतो. पन्नाशीतल्या माझ्यासारख्याला तिथलं ऐकूच येत नाही, त्यामुळे तक्रार करायला मी लायक नाही. ‘आर-टू-आर’ म्हणजे त्या जुन्या वजनांचं पुनरागमन, आता सुट्या निवडक रेझिस्टरांनी बांधलेलं. हौस म्हणून उत्तम, कारागिरी म्हणून देखणं. त्यात वजनांच्या खोटेपणाचा जुना शाप पैसे मोजून परत घरी येतो, आणि तो आवरायला आणखी पैसे लागतात.

यूएसबीची कथा या मानाने अलीकडची. कॉम्प्युटरवरून गाणी वाजू लागली तेव्हा ताल कॉम्प्युटरचा आणि डॅक त्याच्यामागे धावणारा अशी उलटी रचना होती. असिंक्रोनस पद्धतीत घड्याळ डॅकमध्ये बसलं आणि तो कॉम्प्युटरला ‘पाठव’, ‘थांब’ असं सांगू लागला. छोट्या डॅकमध्ये ही पद्धत रुजवण्यात अमेरिकेतल्या गॉर्डन रँकिन यांचा मोठा वाटा. विंडोजने वेगवान यूएसबी ऑडिओला आपणहून ओळखायला २०१७ साल उजाडलं. तोवर ड्रायव्हरची सीडी शोधत बसायची. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं आणि बोटभर लांबीच्या वायरीत डॅक आला. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओकात एकेएमच्या चिप कारखान्याला आग लागली, तेव्हा जगभरच्या कंपन्यांना डबे नव्याने आखावे लागले. असे कारखाने किती मोजके आहेत ते तेव्हा कळलं.

आणि ३२-बिट, ७६८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ७,६८,००० नमुने)? १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९८ डेसिबलचं अंतर मावतं. २४ बिटांत कागदावर १४६, प्रत्यक्षात उत्तम चिप १२० ते १३० च्या आसपास थांबते, कारण त्याखाली इलेक्ट्रॉनांचीच सळसळ असते. ३२ हा आकडा आतल्या हिशेबाच्या सोयीचा. बॉस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी २००७ साली एसएसीडीचा आवाज मध्येच १६ बिट-४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीच्या, चरकातून काढून ऐकणाऱ्यांना न सांगता ऐकवला: ५५४ वेळांपैकी २७६ वेळा ओळख बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. त्या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले, पण माझ्या दिवाणखान्यात वरती पंखा फिरत असताना मला तो निकाल पटतो.

घरात खरी अडचण वेगळीच निघते. माझ्याकडे लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ सुरू व्हायचं. चार्जर काढला की शांत. मी तीन यूएसबी केबली बदलल्या. शेवटी टीव्हीची ऑप्टिकल तार डॅकला लावून बघितली आणि आवाज एकदम गेला. त्या तारेतून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह तुटला. दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. डॅक साधारण २ व्होल्ट देतो. जुन्या ॲम्प्लिफायरची टेपची जागा त्याहून बऱ्याच कमीवर भागते, म्हणून आवाजाचं बटण घड्याळातल्या नऊच्या पुढे नेता येत नाही. फोनोच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या, जागेत तर लावूच नका. आणि दोन डॅकची तुलना करताना एक अर्ध्या डेसिबलने जरी मोठा असला, तरी कान त्यालाच ‘उघडा’, ‘जिवंत’ म्हणतो. दुकानात हे आपोआप घडतं, कधी घडवलंही जातं.

भाच्याला मी विचारलं की गाणं कुठून येणार आणि पुढे काय जोडणार. टीव्ही, लॅपटॉप आणि आजोबांचा ॲम्प्लिफायर, हेडफोन नाही. मग ऑप्टिकल आणि यूएसबी दोन्ही असलेला, २ व्होल्ट देणारा, त्या दुकानातला दुसऱ्या नंबरचा स्वस्त डबा पुरला. रविवारी जोडला तर आवाजच येईना. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटसमोर ‘बिटस्ट्रीम’ निवडलेलं होतं. टीव्हीच्या भाषेत त्याचा अर्थ डॉल्बीचं गाठोडं न सोडता तसंच पुढे ढकलणं, आणि साध्या डॅकला ते सोडता येत नाही. फिलिप्सच्या त्या एक-बिटी चिपांशी याचा फक्त नावापुरता संबंध. तिथे ‘पीसीएम’ केलं, आणि रीव्ह्जने १९३७ साली ज्या पद्धतीची कल्पना केली होती तिचंच नाव मेनूत दिसलं. बातम्या लागलेल्या होत्या, त्या एकदम दणक्यात सुरू झाल्या.