रेडिफ की रॅडिफ? एका अक्षरावरून घडत गेलेला डोमेनचा कायदा

मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली एका अक्षराचं भांडण आलं. रेडिफ डॉट कॉम ही वेबसाइट तेव्हा लोकांना चांगली माहीत झालेली होती. दुसऱ्या एका मंडळींनी ‘रॅडिफ डॉट कॉम’ हे डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ई’च्या जागी ‘ए’, बाकी सगळं जसंच्या तसं. न्यायालयात खुलासा काय, तर ही नक्कल नव्हेच. ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरं, ‘इन्फर्मेशन’चं एक, ‘फ्यूचर’चं एक आणि ‘फ्री’चं एक, अशी जुळवाजुळव करून आम्ही नाव तयार केलं. न्यायालयाला ते पटलं नाही. डोमेन नाव हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण मिळायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं.

आज हे उघड वाटतं. पण डोमेनची व्यवस्था उभी राहिली तेव्हा त्यात दुकानदारीचा विचारच नव्हता. सुरुवातीला जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले, तसा हा प्रकार जड जाऊ लागला. १९८३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी आजच्या डोमेन पद्धतीची आखणी मांडली. १५ मार्च १९८५ ला ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं. नाव फुकट मिळे आणि जो आधी मागेल त्याला मिळे. शुल्क सुरू झालं ते सप्टेंबर १९९५ मध्ये, दोन वर्षांचे १०० डॉलर.

हे किती मोकळं रान आहे, ते जोशुआ क्विटनर या पत्रकाराने १९९४ मध्ये मॅकडोनाल्ड्सचं डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन दाखवून दिलं. त्याने ते परत दिलं ते एका शाळेच्या संगणकांसाठी कंपनीकडून देणगी मिळवून. पुढचे लोक एवढे उदार नव्हते. एकाने पॅनाव्हिजन या सिनेमाचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीचं डोमेन घेतलं, त्यावर इलिनॉय राज्यातल्या पाना नावाच्या गावाचे फोटो लावले आणि कंपनीकडे १३,००० डॉलर मागितले. १९९८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयात तो हरला. १९९९ मध्ये आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन व्यवस्थेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, डॉट कॉमसारख्या नावांच्या तंट्यांसाठी जगभर लागू होणारी पद्धत आणली. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आपल्या ट्रेडमार्कशी गोंधळ होईल इतकं मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूने घेतलं व वापरलं.

आपल्याकडे डोमेनसाठी वेगळा कायदा नव्हता, आजही नाही. वकिलांनी आधार घेतला तो ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये या जुन्या तत्त्वाचा. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहूइंडिया डॉट कॉम’ अडवलं ते त्याच तत्त्वावर. तिथला बचाव मजेदार होता: इंटरनेट वापरणारे लोक शिकलेले असतात, ते फसणार नाहीत! न्यायालय या भाबडेपणाला भुललं नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसला ६ मे २००४ रोजी. सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीचं ‘सिफी’ हे नाव ‘सत्यम’ आणि ‘इन्फोवे’ यांतून आलेलं. समोर ‘सिफ्फीनेट’, एक ‘एफ’ जास्त. खुलासा पुन्हा त्याच वळणाचा: आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं एस, आय, एफ, एफ, वाय. न्यायालयाने तो मानला नाही आणि डोमेन नावात ट्रेडमार्कचे सगळे गुण असू शकतात, हे मान्य केलं. हे आद्याक्षरांचे खुलासे वाचताना गंमत वाटते. बारशाआधी पत्रिका तयार होती म्हणायची!

‘डॉट इन’ या भारताच्या डोमेनचा कारभार बरीच वर्षं मुंबईतून, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेतून चाले. नियम कडक होते, त्यामुळे बहुतेकांनी डॉट कॉमच धरलं. २००५ मध्ये निक्सीने, म्हणजे डॉट इनचा कारभार हाती आलेल्या संस्थेने, दार उघडलं. जानेवारीत आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी मिळाली, मग १६ फेब्रुवारीपासून सर्वांना. डॉट इनच्या तंट्यांसाठी स्वतंत्र धोरणही त्याच वर्षी आलं. आयकॅनच्या नियमात वाईट हेतूने नोंदणी ‘आणि’ वापर, दोन्ही लागतात. इथे दोन्हींच्या मध्ये ‘किंवा’ आहे. नाव नुसतं अडवून बसणाऱ्याविरुद्ध हा ‘किंवा’ कामी येतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत ‘डॉट भारत’ आलं, त्यात मराठीही आहे. पण धंदेवाल्यांची पावलं अजून रोमनकडेच वळतात, आणि मराठी नावाची खरी अडचण तिथेच सुरू होते. दुकानाच्या पाटीवर ‘श्री’ एकच असतो. रोमनमध्ये त्याच्या शेवटी दोन ‘ई’ येतात, कुणी ‘आय’ लावतं, कुणी ‘एच’ गाळतं. ‘लक्ष्मी’त ‘एक्स’ की ‘केएसएच’? ‘दीपक’ला ‘आय’ की ‘डबल ई’? यातलं एक आपण घेतलं की उरलेली स्पेलिंग मोकळीच पडतात. रेडिफच्या खटल्यात मुद्दाम केलेला बदल इथे सहज, चुकून होतो.

बँकांनी यावर कुंपण घालून घेतलं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, आणि हे नाव फक्त आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली संस्था देते. मसाले विकणाऱ्याला असं कुंपण नाही. त्याला दोन-तीन स्पेलिंग स्वतःच घेऊन ठेवावी लागतात, ट्रेडमार्कचा अर्ज भरावा लागतो आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहावी लागते. डोमेनची नोंदणी कुणाच्या ईमेलवर आहे, वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या की आपल्या, हेही बघावं लागतं. कारण नूतनीकरणाची आठवण त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली, तर तारीख चुकते.